लाईट गेली नव्हती

मी घाबरट आहे हे आमच्या नात्यागोत्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पाल दिसली तरी मी पलंगावर चढते. पण त्या उन्हाळ्यात घरच्या राऊटरने माझा जो जीव काढला, तो आजवर कुठल्या पालीला जमला नव्हता.

आई गेल्यापासून नागपूरजवळ वाडीच्या घरात बाबा आणि मी दोघंच. सकाळी गाडीला किक मारून मी मिहानमधल्या ऑफिसला निघायची, ती संध्याकाळी परत यायची. हिवाळ्यात बाबांना लकव्याचा हलका झटका येऊन गेला. बोलणं सुधारलं, हात सुधारला, डावा पाय मात्र ओढतच राहिला. रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "यांना पडू देऊ नका. डोक्याला मार लागला तर रक्त आवरणं कठीण जाईल." ते सांगून मोकळे झाले. मी दिवसभर घराबाहेर, आता पडू कसं द्यायचं नाही?

म्हणून बाबांच्या खोलीत कॅमेरा बसवला. ऑफिसात मोबाइल कॉम्प्युटरला टेकवून ठेवायची आणि मधूनमधून नजर टाकायची. बाबा पेपर वाचताहेत. बाबा घोरताहेत. बाबा नुसतेच बसलेत. याहून कंटाळवाणं दुसरं काही नसेल, आणि मला अगदी तेवढंच हवं होतं.

ऊन तापायला लागलं तसं नेट जायला लागलं. रोज दुपारी, जेवणं आटोपली की मोबाइलवरचं चित्र काळं व्हायचं. मध्ये एक चक्र गरगर फिरायचं आणि खाली अक्षरं उमटायची, कॅमेरा ऑफलाइन आहे. काही वेळाने सगळं आपोआप पूर्ववत. बाबा पलंगावर बसून टॉवेलने तोंड पुसत असायचे. तोवर इकडे माझ्या तोंडचं पाणी पळालेलं असायचं.

"बाबा, लाईट गेली होती का?" मी फोनवर विचारायची.

"नाही वं. लाईट कुठी गेली?"

"मग त्या डब्ब्याले हात लावला का तुम्ही?"

"मी काहून लावू? मी तं त्याच्याकडे पाहतही नाही."

बाबा खोटं बोलत नाहीत. म्हणजे दोष राऊटरचाच. मी त्याला टीव्हीच्या मागून काढून मोकळ्या जागी ठेवलं, अडॅप्टर बदललं, वायर बदलली. शेजारचं कोणी फुकटात आपलं नेट ओढत असेल म्हणून पासवर्डही बदलला. कंपनीला फोन केला की पलीकडची मुलगी गोड आवाजात सांगायची, एकदा बंद करून चालू करा. अगं बाई, ते बंदच तर पडतंय! शेवटी रविवारी त्यांचा माणूस आला. त्याने वायरीचं टोक कापून नवं बसवलं, आपल्या यंत्रावर आकडे पाहिले आणि म्हणाला, "मॅडम, लाइन एकदम ओके आहे. गर्मीनं होत असन."

रविवारी खरंच एकदाही गेलं नाही. मी घरी असले की राऊटर शहाण्या लेकरासारखा वागायचा आणि सोमवारी मी ऑफिसात पोचले की दुपारी पुन्हा तेच. एखाद्या यंत्राने माणसाशी असं वैर धरावं, याचा मला आधी संताप आला आणि मग भीती वाटायला लागली. जेवणाचा डबा उघडला तरी घास उतरेना. त्या काळ्या चौकोनात मी बाबांना कितीदा पाडलं असेल, बाथरूमच्या दारात, स्वयंपाकघरात, पलंगाच्या कडेला. चित्र परत आलं की आधी जमीन पाहायची, मग पलंग.

एक दिवस चित्र परत आलंच नाही.

फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. साहेबांना "घरी काम आहे" एवढं सांगून मी तोंडाला दुपट्टा गुंडाळला आणि निघाले. रस्त्यावर ऊन नुसतं भाजत होतं. वाडीच्या अलीकडे ट्रकांची रांग लागलेली. एकामागे एक उभे, हलायचं नाव नाही. मी बाजूच्या मातीतून गाडी घातली. कोणीतरी शिवी दिली, ती ऐकत पुढे गेले. मनात एकच चाललं होतं, डोकं नको, डोक्यावर नको पडू देऊ.

घराचं दार आतून बंद. बेल दाबली, ती वाजलीच नाही. पुन्हा दाबली. घरात पंख्याचाही आवाज नव्हता. मी खिडकीशी धावले आणि जाळीला डोळे लावले.

बाबा स्टुलावर उभे होते. खोलीबाहेरच्या बोळात, जिथे कॅमेरा पोचत नाही, तिथे भिंतीवर उंच लाईटचा मेन स्विच आहे. एक हात भिंतीला टेकवून ते दुसरा हात त्याच्याकडे नेत होते. बोटं थोडी कमी पडत होती, म्हणून त्यांनी टाचा उचलल्या. डावा पाय थरथरत होता. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि हातानेच दाबून धरलं. दचकले असते तर? माझा बाप माझ्या डोळ्यांसमोर स्टुलावर डुगडुगत होता आणि मला साधं "बाबा" म्हणता येत नव्हतं. इतकी मी आयुष्यात कधी भ्याले नाही.

खट्. पंखा फिरला, मागे कूलर घरघरला. बाबा भिंत धरून, पाय चाचपत, हळूहळू खाली आले. ते जमिनीवर आल्यावरच मी दार ठोठावलं.

"काहून वं, एवढ्या लवकर आली?" दार उघडून ते म्हणाले. बाह्या कोपरापर्यंत ओल्या. "कूलरची टाकी घासून राहिलो होतो मागं. वास येत होता पाण्याले."

"अन् मेन काहून बंद केला?"

"तूच तं सांगतलं होतं. कूलरमंधी पाणी टाकाच्या आधी लाईट बंद करत जा म्हणून. रोज करतो मी."

सांगितलं होतं खरं. नागपुरात दर उन्हाळ्यात कूलरला चिकटून कोणीतरी गेल्याची बातमी येते, म्हणून बजावलं होतं. माझ्या मनात कूलरचं बटण होतं. बाबांनी लाईट म्हणजे अख्ख्या घराची लाईट धरली. रोज दुपारी बंद करायला एकदा स्टूल, चालू करायला पुन्हा एकदा. लाईट गेली का, हे मी रोज विचारलं. तुम्ही बंद केली का, हे कधीच नाही. रविवारी कूलर मी भरायची.

"अन् पडले असते तं?" मी रडायलाच लागले.

"रडते काहून? पडलो असतो तं तुले दिसलं असतं ना," बाबा समजुतीच्या सुरात म्हणाले. "कॅमेरा कायले लावला मंग? मी तं त्याच्याच भरोशावर चढतो."

"बाबा, मेन बंद केला की तोही बंद होते."

ते हसले. मग हसू थांबलं. त्यांनी वर मेनकडे पाहिलं, खाली स्टुलाकडे पाहिलं, आणि भिंतीला हात लावत जाऊन पलंगावर बसले.

"म्हणजे," ते म्हणाले, "मी वरतं चढलो तवा पाहाले कोणीच नव्हतं?"