आत्याची पंधरा दिवसांची बॅग

गुरुवारी संध्याकाळी ऑफिसमधून निघत होते, तेवढ्यात सुजाताताईचा फोन आला. ती माझी आत्येबहीण, अमरावतीला नर्स आहे.

"प्राची, तू ते एकाच बॅगेत फिरते न? मंग एक काम कर. आईले बार्शीटाकळीहून घेऊन ये. मले सुट्टीच नाई भेटून राहिली."

आत्या तिथे एकटी राहते. काकांना जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या आठवड्यात ती न्हाणीत घसरून पडली आणि दुपारपर्यंत तशीच पडून होती. शेजारणीने दार ढकललं म्हणून कळलं. हाड मोडलं नाही, पण ताई हादरली.

"किती दिवसांसाठी?" मी विचारलं.

"तिले पंधरा दिवस सांगतलं हाय. पन तू सगळं आन. साड्या, कागदपत्रं, पांघरुनं. माळ्यावर मोठी सूटकेस हाय. तिले परत तिकडं जायचं कामच नाई पडलं पाहिजे."

मी हो म्हटलं. पॅकिंग म्हटलं की मी नाही म्हणतच नाही.

हा ब्लॉग वाचणाऱ्यांना माझा नियम माहीत आहे. ज्या वस्तूबद्दल "लागली तर?" असं वाटतं, ती घ्यायची नाही. दोन टी-शर्ट, एक कुर्ता, टॉवेलऐवजी पंचा, चार्जर. वीस मिनिटांत बॅग तयार. तत्काळमध्ये साइड अपर मिळाली. शुक्रवारी रात्री पुण्यात बसले, सकाळी अकोल्यात उतरले.

तुम्ही जाणार असाल तर स्टेशनवरून रिक्षाने बसस्टँड गाठा. तिथे आधी आलुबोंडा खा, रस्सा मागून घ्या, तिखट झेपत नसेल तर तसं आधीच सांगा. बार्शीटाकळीची एसटी मिळते, बायकांना अर्धं तिकीट. कंडक्टरने माझ्या पाठीवरच्या छोट्या बॅगेकडे बघितलं.

"ताई, कॉलेज इकडं अकोल्यातच रायते. तुमी उलट्या गाडीत बसल्या."

सगळी बस हसली. खिडकीबाहेर तुरी निघून गेलेली काळी रानं होती, मोठ्या मोठ्या भेगा पडलेली. फेब्रुवारी संपायचा होता, तरी दहा वाजताच ऊन टोचत होतं.

आत्या दारातच खुर्ची टाकून बसली होती. आधी माझ्याकडे नाही, बॅगेकडे बघितलं.

"बॅग पाह्यली अन् समजलं, तू राहाले नाई आली."

जेवण झाल्यावर तिने आपली पिशवी दाखवली. भरून ठेवलेली होती. दोन साड्या, गोळ्या, चष्मा, कंगवा. मी खरंच इम्प्रेस झाले. म्हटलं, आत्या, तू तर माझ्यापेक्षा भारी पॅकिंग करतेस! पण पिशवीच्या बाजूला डाळीचं मोठं गाठोडं होतं, पाच किलोचं तरी असेल.

"मग हे काय?"

"ते सामान नोय. डाळ खाल्ली का संपते. मांगं उरत नाई."

मी माळ्यावर चढून सूटकेस काढली, धूळ झटकली, उघडून तिच्यासमोर ठेवली. उगाच हसत म्हटलं, चार साड्या अजून घेऊ, थंडीची शाल घेऊ. भिंतीवरचा बुद्धाचा फोटो काढायला हात लावला.

"तो राहू दे. घर कोनाच्या भरोशावर सोडू?" मग आवाज बदलून म्हणाली, "खरं सांग वं पोरी. सुजातानं तुले काय सांगतलं?"

मला खोटं बोलता आलं असतं. तिच्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत निळा डाग होता, पडल्याचा. तो बघून मी सांगून टाकलं. सगळं आण म्हणाली.

आत्या पदराने सूटकेसच्या कडा पुसत राहिली.

"दोन साड्या घेतल्या तं लोक म्हनतीन, पोरीकडं गेली. हे घेऊन निंघाली तं म्हनतीन, गेली ते गेलीच. मंग मी येत नाई."

मी सूटकेस परत माळ्यावर ठेवली. रविवारी सकाळी निघालो तेव्हा तिने स्वतः कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं आणि किल्ली कमरेला खोचली.

अकोल्याहून रेल्वेने बडनेरा, तिथून रिक्षाने अमरावती. वय झालेलं माणूस सोबत असेल तर बसपेक्षा हेच बरं, पाय मोकळे करता येतात. वाटेत आत्याला गिल्ला वडा खायचा होता. दह्यात बुडालेला वडा तिने चवीने खाल्ला.

ताईने कपाटाचे तीन कप्पे रिकामे करून, खाली नवे कागद अंथरून ठेवले होते. पिशवी बघून तिने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"तुले काय सांगतलं होतं मी?"

"ताई, ती आलीच नसती."

"अन् परत पडली तं? कोन पाह्यन? तू येशीन पुन्याहून?"

मी डाळीचं गाठोडं ओट्यावर ठेवलं.

घरी येऊन तीन आठवडे झाले. एवढा छोटा प्रवास, पण त्यावर लिहायला मला एवढा वेळ लागला. आत्तापर्यंत मी सामान कमी घ्यायचे, कारण परत येणार हे मला माहीतच असायचं. त्यात कसली आली हुशारी? माझ्या यादीत घराची किल्ली कधीच नव्हती, ती कोणी काढून घेईल असं वाटलंच नव्हतं.

काल ताईचा फोन आला. राग गेला होता, आवाज थकलेला होता.

"आई साड्या कपाटात ठेवतच नाई. धुते, वाळवते, घडी करून परत पिशवीत. शेवटी मीच म्हटलं, चाल, महिन्यातून दोनदा तुले बार्शीटाकळीले घेऊन जात जाईन, संध्याकाळी परत येऊ. तवा कुठं हसली. रविवारी जाऊन आलो."

"मग? कशी होती?"

"निंघताना म्हटलं, आई, पिशवी घे, काई लागलं तं? तं माह्याकडं पाहून म्हने, आपल्या घरी जाले पिशवी कशाले लागते वं?"