प्रेस शॉपच्या रिकाम्या खुर्च्या

याही वेळी ट्रेनिंगच्या खोलीत प्रेस शॉपच्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या.

मी पुण्यातल्या एका कारखान्यात ट्रेनिंग ऑफिसर होते. पत्रा दाबून भाग काढणाऱ्या नव्या प्रेस आल्या होत्या. त्या चालवण्याआधी सेफ्टी ट्रेनिंग सक्तीचं होतं. बाकी खात्यांतले लोक आले. प्रेस शॉपमधले जुने ऑपरेटर तेवढे येईनात.

"मेमो काढा," मॅनेजर आपटे म्हणाले.

"कारण तरी विचारते."

"कारण मी सांगतो. माज."

मला ते पटेना. ही माणसं कामाला कधी दांडी मारत नसत. मग ट्रेनिंगच्याच खोलीशी त्यांचं काय वाकडं होतं?

कसबा पेठेतले शेखभाई त्या खात्यातले सगळ्यांत जुने. ते जिकडे, बाकीचे तिकडे. मशिनपाशी जाऊन मी त्यांना बोलावणं केलं. त्या दणदणाटातही त्यांनी व्यवस्थित उत्तर दिलं, येतो म्हणाले. आले नाहीत.

मग मी त्यांना जेवणाच्या सुट्टीनंतर कॅन्टीनमध्ये गाठलं. मला सर्दी झाली होती, तोंडावर रुमाल होता. ट्रेनरचं शिकवणं आवडत नाही का, असं मी विचारलं. ते हसून म्हणाले, हो, आत्ताच जेवलो. मी पुन्हा विचारलं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हणाले, "मॅडम, रुमाल काढून बोला."

मग सगळं बाहेर आलं. वर्षानुवर्षं प्रेसचे दणके ऐकून शेखभाईंचे दोन्ही कान गेले होते. शॉपमध्ये तसंही कुणालाच काही ऐकू येत नाही. ओठ बघून आणि हातवारे करून काम चालतं. ट्रेनिंगमध्ये मात्र स्लाइड दाखवायला दिवे बंद करत. ट्रेनरचा चेहराच दिसायचा नाही. एकदा शेखभाईंनी भलतंच उत्तर दिलं आणि सगळी खोली हसली. बाकीच्यांचीही थोडीफार हीच गत होती.

"सांगितलं का नाही?"

"अनफिट ठरवून घरी बसवाल."

मला नव्या प्रेस आठवल्या. त्यांचा पत्रा दाबणारा भाग खाली येण्याआधी भोंगा वाजायचा. हात मागे घ्यायची खूण तेवढीच.

साहेबांना सांगू का, असं मी विचारलं. शेखभाईंनी चहा संपवला. मग म्हणाले, "सगळ्यांचे कान तपासणार असाल तर सांगा. माझ्या एकट्याचे नकोत."

आपट्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी मेंटेनन्सला फोन लावला आणि भोंग्याच्या जोडीला लाल दिवा कधी बसवता येईल, ते विचारलं.

कंपनीच्या डॉक्टरांनी हेडफोन लावून सगळ्यांच्या कानांची तपासणी केली. ज्यांचे कान फारच गेले होते त्यांना स्टोअर्समध्ये हलवलं. त्यातला एकजण रिटायर होईपर्यंत माझ्याशी बोलला नाही. बाकीच्यांना आवाज अडवायला कानांवर लावायचे मफ मिळाले. ट्रेनिंग मशिनपाशीच, मशिन बंद ठेवून, भर उजेडात घेतलं. शेखभाई पहिल्या रांगेत बसले आणि त्यांनी इतके प्रश्न विचारले की ट्रेनर वैतागला.

मेमो काढला असता तर या लोकांनी सही करून तो निमूट घेतला असता, पुढच्या वेळी अंधारात येऊन बसलेही असते. आणि हजेरी पूर्ण भरली म्हणून आम्ही खूश झालो असतो.