शिवलिंगची वायरिंग

माझी पोस्टिंग तेव्हा उत्तरेकडच्या एका डोंगरी ठाण्यावर होती. मी हवालदार, मोटारसायकलींचा मेकॅनिक. नाईक शिवलिंग डिस्पॅच रायडर. डाक आणि औषधं वरच्या चौक्यांवर पोचवणं हे त्याचं काम. तो जिंतूरचा, मी मानवतचा. एवढ्या लांब परभणीकडचा माणूस भेटला की भाऊ सापडल्यासारखं होतं, आणि आम्ही भांडायचोही भावांसारखेच.

भांडण बहुधा हेडलाईटवरून. आमच्या गाड्यांना किक नव्हती आणि चावी फिरवली की लाईट आपोआप लागायचा. थंडीनं बॅटरी आधीच मलूल. तिनं लाईट सांभाळायचा की इंजिन फिरवायचं? सेल्फ मारला की नुसती कटकट ऐकू यायची. साहेबांची परवानगी घेऊन मी रिले, म्हणजे लाईट आपोआप चालू-बंद करणारा छोटा स्विच, बसवायचं ठरवलं. इंजिन सुरू झाल्यावरच लाईट लागावा, हा माझा विचार. शिवलिंगला तो पटेना. सेल्फचं बटण दाबलंय तेवढ्यापुरताच लाईट जावा, बोट उचललं की परत यावा, असा त्याचा हट्ट.

"दादा, इंजिन बंद पडलं की तुमचा लाईट बी बंद," तो म्हणाला. "मी घसरून पडलो तर हुडकायचं कसं?"

तू कशाला पडतोस, असं म्हणून मी त्याला उडवून लावलं. पण गाडी चालवणार तो, म्हणून शेवटी वायरिंग त्याच्या मनासारखी झाली.

रिटायर झाल्यावर परभणीत दोघांचं गॅरेज काढायचं ठरलं होतं. पाटीवर आधी कुणाचं नाव, यावरही वाद होताच.

त्या दिवशी दुपारी वरच्या चौकीवर एका जवानाची तब्येत अचानक बिघडली. औषध आमच्याकडे होतं. दरड कोसळल्यामुळे जीप जाईना, मोटारसायकलपुरती वाट उरली होती. शिवलिंगनं बटण दाबलं. लाईट गेला, पहिल्याच सेल्फला इंजिन लागलं, लाईट परत आला. त्यानं माझ्याकडे बघून भुवई उडवली आणि निघाला.

चारच्या सुमारास रेडिओ बोलला. "औषध मिळालं. रायडर परत निघाला. ओव्हर."

सहा वाजले तरी तो आला नाही. धुकं उतरलं होतं. आम्ही हाका मारत चालत निघालो. एका वळणावर रस्त्याची कड खचली होती आणि खाली धुक्यात पिवळा ठिपका दिसत होता. गाडी आडवी पडली होती. इंजिन थंड होतं, लाईट चालू होता. त्या उजेडानंच आम्हाला शिवलिंग सापडला, पण उशीर झाला होता. वरचा जवान मात्र वाचला.

आता परभणीत माझं गॅरेज आहे. पाटीवर आधी त्याचं नाव आहे. वाद घालायला तो हवा होता.

मागच्या महिन्यात त्याच्या पत्नी महानंदावहिनी जिंतूरहून आल्या. त्याची घरची मोटारसायकल आता वहिनीच चालवतात, तिच्यावरून शाळेत शिकवायला जातात. सेल्फ उचलत नव्हता. मी रिले जोडेपर्यंत त्या शेजारी उभ्या होत्या. तो कसा सापडला, हे मीच त्यांना सांगितलेलं.

"भावजी," त्यांनी विचारलं, "इंजिन बंद पडलं तरी लाईट राहील ना?"

"राहील, वहिनी."

त्यांनी बटण दाबलं. लाईट गेला, इंजिन लागलं, लाईट परत आला. अशी वायरिंग केलेली गाडी सुरू झाली की दर वेळी मी मान वर करून बघतो. वाटतं, आता तो भुवई उडवेल.