सासूबाईंचं गवत

गवतमॅडमची खोकी विद्यापीठाच्या अभिलेख विभागात आली तेव्हा आमच्या साहेबांनी पहिलंच खोकं उघडून नाक मुरडलं आणि विचारलं, "हे कागद आहेत की कडबा?"

प्रश्न अगदीच गैर नव्हता. कागद होते, पण त्यांच्या मधून काड्या डोकावत होत्या, तळाशी भुसा साचला होता, आणि एका फाटक्या पाकिटातली कुसळं साहेबांच्या स्वेटरच्या बाहीला जी चिकटली, ती ते पुढे कित्येक दिवस मीटिंगमध्ये बसून वेचत होते. मी हे मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "अजून चिकटतात? इतक्या वर्षांनी? वा!" साहेबांची विचारपूस त्यांनी केली नाही.

मॅडम आता ऐंशीच्या पुढे आहेत. जन्मभर याच विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि संशोधन केलं ते फक्त गवतावर, म्हणून गवतमॅडम. नाव विद्यार्थ्यांनी पाठीमागे ठेवलेलं, पण त्यांना ते इतकं आवडलं की निवृत्तीनंतर दारावरच्या पाटीवर तेच घालायचा त्यांचा बेत होता. काकांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, तो हाणून पाडला. "लोक चारा मागायला येतील," असं त्यांचं म्हणणं.

त्यांचे कागद लावायचं, प्रत्येकाचं वर्णन लिहायचं आणि नंबर घालायचा हे काम माझ्याकडे आलं. काय कशाचं आहे ते सांगायला मॅडम स्वतः येऊन बसायच्या. सोबत काका. टपाल खात्यातून निवृत्त झालेले. खिडकीशी पेपर वाचत बसायचे आणि कुणी न विचारता मधेच बोलायचे.

मॅडमनी आयुष्यात काहीही टाकून दिलेलं नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं. चित्रं होती, ज्यात गवताच्या पात्यावरचा एकेक केस वेगळा काढलेला. वाण्याची यादी होती आणि तिच्या पाठीवर एका कणसाचा आराखडा. बसची तिकिटं होती, त्यांच्यावर मुंगीच्या पावलांसारख्या अक्षरात नोंदी. एकावर लिहिलं होतं: "उतार पूर्वेकडे, माती तांबडी. शेळी हे खात नाही." त्याच्याखाली वेगळ्या शाईत: "दुसरी शेळी खाते."

मी आधी हसलो. मग तारखा पाहिल्या. दोन ओळींच्या मधे बरीच वर्षं गेलेली. म्हणजे बाईंना दुसरी शेळी भेटली, तेव्हा त्यांनी घरी येऊन ते जुनं तिकीट हुडकून काढलं होतं. आणि पहिली ओळ खोडली नव्हती.

"पण मॅडम, गवतच का?" मी एकदा विचारलं. "फुलंसुद्धा नाहीत त्याला."

काकांनी पेपर खाली केला. "गेला," ते म्हणाले. "आता हा मुलगा घरी जेवायला वेळेवर जात नाही."

मॅडमनी पर्समधून भिंग काढलं, एका पाकिटातली कसपटासारखी वस्तू चिमट्याने उचलली आणि माझ्याच चहाच्या कपात टाकली. मी तोंड उघडलं तसं काका म्हणाले, "आमच्याकडे रोजचंच आहे. मी एकदा एक अख्खं संशोधन पिऊन टाकलं होतं."

थोड्या वेळाने त्यांनी ते कसपट काचेवर घेतलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. गरम चहाने ते मऊ होऊन उमललं होतं. आत तीन पिवळ्या पिशव्या धाग्यांना लोंबत होत्या, आणि मधोमध दोन जांभळी पिसं. अगदी पिसंच, एखाद्या पक्ष्याने डोक्यावर मिरवावीत अशी. माझ्या जन्मापूर्वीच तोडलेलं ते फूल माझ्या चहात भिजून जागं झालं होतं. आमच्या गावच्या मैदानावर मी ज्यावर बसून शेंगदाणे खाल्ले, लोळलो, चपला घासल्या, त्यात हे होतं.

"सगळ्यांनी मोठ्या फुलांच्या वनस्पती वाटून घेतल्या होत्या," मॅडम म्हणाल्या. "मी विभागात शेवटी आले. गवत उरलं होतं. मी म्हटलं, चालेल."

असं सगळं बरं चाललं असताना साहेबांना प्रदर्शनाची हुक्की आली. मॅडमच्या कागदांचं प्रदर्शन, आणि दारातच मोठं कार्ड: नव्या गवताच्या संशोधिका. मॅडमनी तरुणपणी एक नवं गवत शोधलं होतं आणि त्याला सासूचं नाव दिलं होतं, हे साहेबांनी कुठूनतरी ऐकलं होतं.

"ते कार्ड नको," मॅडम म्हणाल्या.

"का? शोधलंत ना?"

"शोधलं होतं."

"होतं म्हणजे? गवत पळून गेलं का?"

मॅडमनी काकांकडे पाहिलं. काकांनी पेपरची घडी घातली. मग दोघांनी मिळून, एकमेकांना तोडत आणि दुरुस्त करत, जी हकीकत सांगितली ती अशी.

काकांची आई मोठ्या दवाखान्यात मेट्रन होती. घरात आणि गल्लीत तिला मेट्रनबाईच म्हणायचे, आणि ती आली की गल्लीतली कुत्रीसुद्धा सरळ बसायची, असं काका सांगतात. सून आठ-आठ दिवस डोंगरात गवत गोळा करत हिंडणार, हे कळल्यावर नातेवाइकांनी कुजबूज सुरू केली. मेट्रनबाईंनी एकदाच सगळ्यांना ऐकवलं: "मी रात्रपाळ्या केल्या तेव्हा कोण काय म्हणालं होतं ते मला पाठ आहे. ती जाईल. मुलांचं मी बघते. ज्याला त्रास होईल त्याने दवाखान्यात यावं, मी सुई देते."

मॅडम गेल्या आणि एका कड्यावरून एक ठेंगणं, राठ, कपड्यांना चिकटणारं गवत घेऊन आल्या. कुठल्याच पुस्तकात ते बसेना. पान जिथे काडीला मिठी मारतं तिथे त्याला केसांची एक झालर होती, तशी कुणालाच नव्हती. नवीन ठरलं. मॅडमनी सासूबाईंच्या नावाला लॅटिन शेपूट लावलं आणि छापून टाकलं. विभागात खूप हसले. राठ, ठेंगणं, चिकटलं की सुटत नाही, आणि नाव सासूचं! पण सासूबाईंनी छापलेलं पान काच लावून भिंतीवर टांगलं आणि येईल त्याला दाखवलं. दूधवाल्यालासुद्धा.

पुढे पुष्कळ वर्षांनी मॅडमनी दुसऱ्या देशातल्या एका संग्रहाकडून काही नमुने उसने मागवले. सुकवलेली झाडं जाड कागदावर चिकटवून कपाटात ठेवतात, आणि अभ्यासाला हवी तर एक संग्रह दुसऱ्याला पाठवतो. पाळायचा रिवाज एकच: ज्याने तपासलं त्याने स्वतःचं मत एका चिठ्ठीवर लिहून, सही-तारीख घालून, त्या कागदावर डकवायचं. आधीच्याचं चुकलं असलं तरी त्याची चिठ्ठी काढायची नाही. आपली तिच्या शेजारी लावायची.

त्या गठ्ठ्यात शंभरेक वर्षांपूर्वीचा एक मोडका नमुना होता. भलत्याच नावाखाली ठेवलेला, अर्धा डिंकात बुडालेला. मॅडमनी त्याच्या कागदावर डकवलेल्या पुडीतला एक तुकडा गरम पाण्यात टाकला. मऊ झाला. उलगडला. केसांची झालर.

त्यांचं गवत नवं नव्हतंच. कुणा विसरलेल्या वनाधिकाऱ्याने ते आधीच तोडलं होतं आणि त्याला नाव मिळालेलं होतं. जुनं नाव तेच खरं, असा यांच्यात कायदा. सासूबाईंचं नाव रद्द.

"मी हिला म्हटलं," काका म्हणाले, "आईचं वय बघ. गुडघे गेलेत, ऐकू कमी येतंय. भिंतीवरचं ते पान हाच तिचा टीव्ही आहे. नमुना परत पाठव आणि गप्प बस. शंभर वर्षं कुणी उघडला नाही, अजून शंभर वर्षं कोण उघडतंय?"

"बरोबरच म्हणाले होते," मॅडम म्हणाल्या. "कुणीच उघडला नसता."

"मग?" मी विचारलं.

"मग काय! मी उघडला होता ना."

हे त्या इतकं सहज म्हणाल्या, जसं एखादा म्हणेल की पाऊस होता म्हणून छत्री घेतली. साहेबांचा हात बाहीवरच्या कुसळापाशी थांबला.

मॅडमनी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या मटार सोलत होत्या. सगळं ऐकून घेतलं. सोललेले दाणे सालांच्या ढिगात टाकले, सालं पातेल्यात, आणि उठून खोलीत गेल्या. दार लावलं. दुपारी जेवल्या नाहीत. काका दाराबाहेरून, "आई, अगं, गवतच आहे ते," असं म्हणाले, तर आतून आवाज आला, "तुला कुणी विचारलं?"

संध्याकाळी दार उघडलं. अंगावर बाहेर जायची साडी, पायात चपला. "चल," सुनेला म्हणाल्या. "दाखव मला."

इतक्या वर्षांत त्यांनी ते गवत पाहिलं नव्हतं. मॅडम त्यांना हात धरून विभागात घेऊन गेल्या, कपाट उघडलं, लाल फाइलीतला कागद टेबलावर ठेवला.

"हे?" सासूबाई म्हणाल्या. "एवढंसं?"

"एवढंसंच असतं, आई."

"आणि माझं नाव कुठे आहे?"

मॅडमनी बोट ठेवलं. सासूबाईंनी चष्मा पुसून वाचलं. "आता हे फाडणार?"

"नाही. आमच्यात फाडत नाहीत. बाजूला नवी चिठ्ठी लावायची. जुनी तशीच राहते."

"लोकांना वाचता येते?"

"येते."

सासूबाई खुर्चीवर बसल्या. मॅडम सांगतात, त्यांचा आवाज पहिल्यांदाच तेव्हा मऊ आला. "वॉर्डात आम्ही असंच करायचो. तक्त्यावर चुकलं तर खाडाखोड नाही. एक रेघ, खालचं दिसलं पाहिजे. वर बरोबर काय ते लिहायचं आणि सही ठोकायची. पोरी रडायच्या माझ्यासमोर, बाई, पुसून टाकू द्या. मी म्हणायचे, पुसलंस तर पेशंट कुणावर विश्वास ठेवेल?" मग जरा थांबून म्हणाल्या, "पण ते लिहिणं किती जड जातं ते मला माहीत आहे. लिही. मी बसते इथे."

मॅडमनी चिठ्ठी लिहिली. डिंक लावला.

"तिरकी लावतेयस," सासूबाई म्हणाल्या. "सरळ लाव. पुढचा माणूस म्हणेल, सून वेंधळी होती."

भिंतीवरचं पान त्यांनी उतरवलं नाही. काचेवर एक कागद चिकटवायला लावला, त्यावर जुनं नाव, सुनेची सही आणि तारीख. दूधवाल्याला सांगितलं, "माझं गवत शंभर वर्षं आधीच सापडलं होतं. बघ मी किती जुनी आहे." घरात मात्र त्या दिवसापासून एक बोलणंच पडलं. भाजी खारट झाली की सासूबाई स्वतःच म्हणायच्या, "लावा चिठ्ठी माझ्यावर."

त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. काका पेपर उलटा धरून बसले.

साहेब खाकरले. आमचे साहेब खाकरतात तेव्हा ते हललेले असतात. "मला तो कागद बघायचाय," म्हणाले.

आम्ही चौघं वनस्पतिशास्त्र विभागात गेलो. संग्रहाची खोली थंड, डांबरगोळ्यांच्या वासाची. जमिनीपासून छतापर्यंत कपाटं आणि प्रत्येक कप्प्यात कुणीतरी कुठल्यातरी सकाळी वाकून तोडलेलं काहीतरी. आवाज आपोआप खाली येतो तिथे. संग्रहपालाने लाल फाइल आणून ठेवली. करड्या काड्यांचा तो झुबका, सासूबाईंच्या नावाची चिठ्ठी, शेजारी मॅडमची, अगदी सरळ. आणि त्याच्यावर आणखी एक. कोरी करकरीत, भलत्याच हस्ताक्षरात.

"ही कुणाची?" मॅडमनी विचारलं.

"मागच्या वर्षी बाहेरून एक संशोधक आली होती," संग्रहपाल म्हणाला. "दोन्ही नमुन्यांचे जनुक तपासले तिने. तिच्या मते ही दोन वेगळी गवतं आहेत. म्हणजे तुमचं नवंच होतं. तुम्ही दिलेलं नाव परत लागू. तुम्हाला पत्र गेलं होतं."

"पत्र!" मॅडम वळल्या. काकांनी छताकडे पाहिलं. टपाल खात्यात उभा जन्म घालवलेल्या माणसाने पाकीट वाण्याच्या बिलांत ठेवलं होतं, हे पुढे निघालं.

पण तेव्हा साहेबांना धीर नव्हता. "म्हणजे शोध तुमचाच! कार्ड लिहायला घेऊ ना?" मलाही ओरडावंसं वाटत होतं. मेट्रनबाईंचं नाव परत आलं होतं. मी मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आता पाणी येईल डोळ्यांत म्हणून.

मॅडमनी पर्समधून भिंग काढलं.

"आता काय?" साहेब म्हणाले.

"बघते."

"अहो, पण निकाल तुमच्या बाजूचा आहे!"

"म्हणून तर नीट बघायला हवं," मॅडम म्हणाल्या आणि संग्रहपालाकडे वळल्या. "त्या पोरीचा लेख द्या मला. आणि तो जुना नमुना पुन्हा उसना मागवा. झालर दोघांनाही आहे, ती मी स्वतः पाहिली आहे. तिने काय पाहिलं ते मला बघू दे. पटलं तर चिठ्ठी लावेन."

"आणि नाही पटलं तर?" मी विचारलं.

"तरी लावेन."

काकांनी कपाळावर हात मारला. "माझी आई गेली, पण हिचं तिच्याशी अजून मिटत नाही."

"गप्प बसा हो," मॅडम म्हणाल्या, पण हसत होत्या. मग त्या टेबलावर वाकल्या, इतक्या की नाक जवळजवळ काड्यांना लागलं. डावा डोळा आता कामाचा राहिलेला नाही त्यांचा. उजव्यावर भिंग धरलं. साहेब, ज्यांनी हयातीत शिपायाला सांगितल्याशिवाय दिवा लावलेला नाही, ते स्वतः पुढे झाले आणि टेबलावरचा दिवा उचलून त्यांच्या डोक्यावर धरून उभे राहिले.

"जरा डावीकडे," मॅडम म्हणाल्या. साहेबांनी दिवा डावीकडे केला.