आर्डिसचा झरा आणि हिरवं पाणी

आमच्या कड्यावरनं जाणाऱ्या रस्त्याला सरकारनं ‘निसर्गरम्य मार्ग’ म्हणून पाटी लावली, त्याच्या कितीतरी आधीपासनं आर्डिस फॉसम त्या वळणावरचा झरा राखतीय. कपारीतनं लोखंडी नळी निघते, खाली दगडी कुंडी. झरा कागदावर कौंटीचा, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारचा, पण कुंडीतलं शेवाळ खरवडायला कौंटीतलं कोण येतंय? म्हातारी घासणी घेऊन येते. खोऱ्यातल्या चर्चात बाप्तिस्म्याला पाणी याच झऱ्याचं. माझी तिन्ही पोरं त्याच गार पाण्यानं बोंबललीत.

परवाच्या उन्हाळ्यात कौंटीनं पाणी तपासलं आणि त्यात शेणातले जंतू निघाले. ‘पिऊ नये’ अशी पाटी लागली. कारण सापडलं नाही तर थंडीच्या आत नळी सिमेंटनं बुजवणार, असंही सांगून गेले. आर्डिसची नात गरोदर होती. फॉसमांचं लेकरू नळाच्या पाण्यानं ख्रिस्ती व्हायचं, या विचारानं म्हातारीची झोप उडाली.

तिनं वरच्या अंगाच्या गेलेन ब्रांटला धरलं. त्याची डुकरं होती, म्हणजे घाण तिथलीच, असा तिचा हिशेब. पेंडीच्या दुकानात चार माणसांसमोर ती कडाडली, “गेलेन, तुझ्या डुकरांचं मूत पितंय सगळं खोरं!”

गेलेन पोतं खांद्यावर घेता घेता म्हणाला, “माझी डुकरं बरी हायेत, आर्डिस. घाण करून दुसऱ्यावर ढकलत न्हाईत.”

त्या दिवसापासनं दोघांचं बोलणं बंद.

जमीन-पाणी खात्याची मारिट नावाची पोरगी आली. ती म्हणाली, वरच्या खड्ड्यांत रंग टाकून बघू, पाण्याची वाट कळेल. आमचा डोंगर चुनखडीचा, आतनं चाळणीसारखा पोकळ. भर शेतात जमीन खचते आणि विहिरीएवढा खड्डा पडतो. तिथं नांगर चालत नाही, म्हणून बापजाद्यांनी त्याचा उकिरडा केला. मोडका चुला, काटेरी तार, मेलेलं वासरू, टाकलं की दिसेनासं होतं. गेलं, असं समजून माणसं घरी जेवायला जायची. ज्या घरानं असं केलं नाही, ते घर मला दाखवा.

आर्डिस म्हणाली, “पोरी, आधी माझ्याच खड्ड्यात टाक. म्हंजे त्या डुकरवाल्याला तोंड उघडायला जागा ऱ्हायची न्हाई.”

रंग टाकला. पुढचा शनिवार मेपलची पानं लाल व्हायच्या ऐन भराचा होता. वळणावर गाड्यांची रांग, शहरातल्या म्हाताऱ्यांनी भरलेली एक बस. आर्डिस कुंडी घासत होती, आणि नळीतनं पोपटासारखं हिरवंगार पाणी यायला लागलं. बसमधली एक बाई टाळ्या वाजवत म्हणाली, “अय्या, हे सणासाठी करता का?”

आर्डिस घासणी धरून तशीच उभी. मी दुधाची गाडी थांबवली होती. रंग तिच्याच खड्ड्यातला, म्हणजे घाणही तिच्याच शेतातली. तेवढ्यात गेलेनचा पिकअप आला. आता हा म्हातारीला सोलणार, असंच सगळ्यांना वाटलं. तो खाली उतरला, कुंडीत वाकून बघितलं.

“रंग झ्याक हाय,” तो म्हणाला. “माझ्या ट्रॅक्टरशी जुळतोय. सोमवारी खड्डा उपसायला लोडर घेऊन येतो.”

“मी बोलावलं न्हाई तुला.”

“मी तरी कुठं इचारलं?”

सोमवारी तो एकटा आला, आणि गुरुवारपर्यंत निम्मं खोरं आलं. कारण सापडलं म्हणताना कौंटीनं नळी बुजवायचं वसंतापर्यंत पुढं ढकललं. खड्ड्यातनं काय निघालं नाही ते विचारा. टायर, औषधांचे गंजके डबे, हाडंच हाडं, कपडे पिळायचं यंत्र. तळाला दारूच्या बाटल्यांचा ढीग. ऑरिननं, म्हणजे आर्डिसच्या नवऱ्यानं, दारू सोडल्याचं भर चर्चात सांगितलं होतं. त्याला जाऊनही पुष्कळ दिवस झाले. गेलेन त्या बाटल्या हळूच पोत्याखाली सरकवायला लागला.

वरनं आर्डिस ओरडली, “दडवू नगंस रं! ऑरिनला ह्या कुंपणाची दुरुस्ती सारखी का लागायची, ते मला पयल्यापासनं ठावं हाय!”

खड्ड्यात, काठावर, सगळी माणसं पोट धरून हसली. दुपारी ती ओव्हनमधनं काढलेलं बटाट्याचं गरम हॉटडिश आणि कॉफी घेऊन आली. पहिली ताटली गेलेनला दिली.

आर्डिसच्या गोठ्याचं पाणी पावसात त्याच खड्ड्यात उतरायचं. मारिटनं ते दुसरीकडं वळवून दिलं आणि खड्ड्याभोवती रुंद गवताचा पट्टा पेरायला लावला. त्यात आर्डिसचा चांगला मक्याचा तुकडा गेला.

बर्फ वितळल्यावर पाणी दोनदा तपासलं. निर्मळ. ‘पिऊ नये’ची पाटी आर्डिसनं स्वतः उपटली आणि कोंबड्यांच्या खुराड्याला फळी म्हणून ठोकली.

मे महिन्यात आर्डिसच्या नातीच्या पोरीचा बाप्तिस्मा होता. गेलेन शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसलेला. आर्डिस झऱ्याच्या पाण्याची सुरई घेऊन पुढं निघाली, अर्ध्यातनं मागं वळली आणि सुरई त्याच्या हातात दिली.

“ओत जा.”

“मी? मी तुमच्या घरचा हाय का?”

“माझ्या घरची घाण उपसलीस, आता पाणी ओताय लाजतोस व्हय?”

गेलेन उठला. पाळकाच्या देखत त्यानं आधी सुरईला तोंड लावून एक घोट घेतला.

“कसंय?” आर्डिसनं विचारलं.

“वाईट न्हाई.”

आमच्याकडं ‘वाईट न्हाई’ म्हणजे खांद्यावर घेऊन नाचण्यासारखं आहे. त्याच्या पलीकडचा शब्द आमच्यात कुणी वापरत नाही. गेलेननं बाप्तिस्म्याच्या पात्रात पाणी ओतलं, पाळकानं ओंजळ भरली, ते गार पाणी टाळूवर पडलं आणि पोरीनं असा टाहो फोडला, की खिडकीतली चिमणी उडाली. आर्डिस रुमालानं तोंड पुसत होती. सर्दी झालीय, म्हणाली.