नळी पुसू या का?

केसांच्या डायचा उग्र वास आला, की जपानमधल्या होक्काइडोतली ती गारठलेली शूटिंग रेंज आठवते. शिशाच्या गोळीने मेलेलं हरीण खाऊन गरुड शिशाच्या विषाने मरतात, म्हणून आमच्या लॅबने तांब्याची गोळी बनवली होती. पण टेस्टसाठी बोलावलेल्या म्हाताऱ्या शिकाऱ्याने झाडलेल्या गोळ्या कागदावर वाट्टेल तिकडे लागत होत्या. बंदुकीच्या नळीत जुन्या गोळ्यांच्या धातूचा थर असणार, हे आमच्या लॅबच्या सरांनाही कळत होतं, पण वडीलधाऱ्यांना बंदूक साफ करा म्हणायचं कसं? शेवटी मीच म्हणाले, “आजोबा, नळी पुसू या का?” ते हसले. “कधीपासून वाट बघतोय! टेस्ट तुमची, न विचारता हात कसा लावू?” डायसारख्याच वासाच्या औषधाने नळी घासल्यावर गोळ्या एकमेकींना खेटून लागल्या, आणि सर हुश्श करून बर्फातच बसले. आता आरशात पांढरे केस दिसत असतानाही, त्या वासाने मला आधी हायसंच वाटतं.