रांगेतला शेवटचा

बाईंना सगळे मागून 'भोंगा' म्हणत. पहिलीच्या वर्गात त्या "गप्प बसा" म्हणाल्या की भिंतीपलीकडची सातवीही गप्प बसायची. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि त्या आवाजाची नुसती फुंकर उरली.

"सहामाहीपर्यंत बघू," हेडमास्तर म्हणाले. "वर्ग आवरला नाही तर ऑफिसात बसा. शिक्के मारायला आवाज लागत नाही."

बाईंना शिक्के मारायचे नव्हते. त्यांनी पुठ्ठे कापले आणि आजवर जे ओरडून सांगितलं ते रंगवायला घेतलं. हात धुणारी पोरं. ओठांवर बोट. वर केलेला पंजा, म्हणजे थांबा. चित्रकलेशी त्यांचं कधीच जमलं नव्हतं. रांगेच्या चित्रात शेवटच्या पोराची मान फिरली, ते मागेच बघायला लागलं. खोडू गेल्या तर पुठ्ठा फाटायला आला. राहू दिलं.

हेडमास्तर चित्रापुढे उभे राहिले. "हा शेवटचा पळून जायच्या बेतात दिसतो."

"पहिलीतला आहे," बाई कुजबुजल्या. "बेत असणारच."

पुठ्ठे भिंतीवर लागले. बाई टाळी वाजवत, काठीचं टोक चित्रावर ठेवत आणि वाट बघत. सुरुवातीला नुसता बाजार भरला. मग उतारावर पाणी आपली वाट धरतं तशी पोरं चित्रांच्या मागे जाऊ लागली. फक्त रांगेत जो कोणी शेवटी असे, तो मान वळवून मागे बघत चाले. अडखळे, पण बघे.

"समोर बघ की गं!" हेडमास्तर एकदा शेवटच्या मुलीवर खेकसले.

"सर, शेवटच्यानं मागे बघायचं असतं. चित्रात आहे."

हेडमास्तरांनी बाईंकडे पाहिलं. "सहामाही जवळ आली, बाई," एवढंच म्हणाले.

त्याच आठवड्यात पोरं मैदानावर निघाली. बाई वर्गाच्या दारात एकाच्या बुटाची नाडी बांधत अडकल्या. मान वर केली तर रांग त्यांच्याविना फाटकापाशी पोचलेली, आणि बाहेर एक ट्रक मागे येत होता. हाक मारायला गेल्या; फुंकर निघाली. त्यांनी पंजा वर केला.

शेवटची मुलगी मागेच बघत होती.

"थांबा रेऽऽ!"

रांग जागच्या जागी थांबली. सातवीचा वर्गही गप्प झाला. ट्रक फाटकासमोरून सरकत गेला.

व्हरांड्यातून हेडमास्तर धावत आले होते. धापा टाकतच ते बाईंपाशी थांबले.

"चित्रातली ती मान अजून नीट केली नाहीत ना?"

"पुठ्ठा फाटेल, सर."

"मग राहू द्या." ते ऑफिसाकडे वळले. "शिक्क्यांसाठी मी दुसरं कोणी बघतो."